मांडीवरच्याला तिकीट नसतं

शाळा बंद झाली त्या दिवशी आम्हाला आनंद झाला होता, हे आधी सांगून टाकते. बाईंनी मधल्या सुट्टीच्या आतच दप्तरं आवरायला लावली, "सरळ घरी जायचं, कुठं थांबायचं नाही," असं दोनदा बजावलं, आणि मी मिलिंदचा हात धरून पळतच घर गाठलं. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलंय एवढं मोठ्या माणसांच्या बोलण्यातून कानावर आलं होतं. नामांतर हा शब्द मला पाठ होता, त्यानं आपल्या घरात काय होणार हे ठाऊक नव्हतं. चौथीतल्या पोरीला एवढंच कळलं की उद्या पाढे नाहीत. आईला मात्र आम्ही दारात दिसलो त्याच क्षणी सगळं कळलं. ती रात्रपाळी करून झोपली होती. तिनं एक डोळा उघडला आणि विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "सांगितलं न्हाई." तिनं डोळा मिटला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मेले मी."

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. बाबा एस.टी.त कंडक्टर, परभणी ते सोनपेठ. परभणीत आमची दीड खोली होती, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, मधे साडीचा पडदा. आम्ही बौद्ध. गल्लीत आमच्या बाजूला आमचीच पाच-सहा घरं होती आणि समोर गादीवाल्यांचा मोठा दरवाजा, त्याच्या आत रशीदाखालांचं विटांचं घर. आईला महिन्यातून पंधरा दिवस रात्रपाळी असे. सकाळी यायचं, भाकरी टाकायच्या, आम्हाला शाळेत लावायचं, धाकट्या छबूला झोळीत घालायचं आणि तिच्यासोबत दुपारपर्यंत पाठ टेकायची, असा तिचा हिशेब बसलेला होता. म्हणजे आमची शाळा ही आईची झोप होती. शाळा बंद झाली आणि ती झोप गेली.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही घराचं काय केलं ते लिहायला नको. मिलिंद पहिलीत होता आणि त्याला आवाज केल्याशिवाय काही करता येत नसे. पाणी प्यायचं तरी तो पेला आपटून प्यायचा. छबू अडीच वर्षांची. दार बंद ठेवायची सक्ती होती, कारण बाहेर काय होईल सांगता येत नव्हतं. श्रावणाचे दिवस, पत्र्यावर पाणी टपटपतंय, आत दमट कपडे दोरीवर, आणि त्या कपड्यांखाली आम्ही तिघं. तिसऱ्या दिवशी आई झोपेतून उठली, मिलिंदच्या हातातला तांब्या घेतला, डोक्यावरच्या फळीवर ठेवला आणि परत आडवी झाली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग गाड्याही थांबल्या. कुठं काचा फुटल्या, कुठं टायर जळाले, आणि एका दुपारी बाबा पिशवी-ट्रे डेपोत जमा करून घरी आले. आई म्हणाली, "बरं झालं. आता हे तिघं तुमचे." बाबा म्हणाले, "माझेच हायेत की." "तसं न्हाई. सांभाळायला तुमचे. बाहेर साठ माणसं सांभाळता न्हाई का? हे तर तीन हायेत." बाबा हसले. साठ माणसं बसली की गाडी चालायला लागते आणि माणसं खिडकीबाहेर बघत बसतात. तीन पोरं दीड खोलीत कुठं बघतील, हे त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत समजलं. त्यांनी गोष्ट सांगून पाहिली. राजा कोण होणार यावरून आमची मारामारी झाली. त्यांनी पाढे विचारले, मिलिंद रडला. मग ते पत्र्याच्या पेटीवर डोकं धरून बसले आणि थोड्या वेळानं तोंडातल्या तोंडात, सवयीनं असेल, म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका."

गाडी तिथून सुरू झाली. पत्र्याची पेटी म्हणजे ड्रायव्हरची जागा, तिथं मिलिंद, हातात परातीचं चाक. मागं जोंधळ्याचं पोतं म्हणजे लांब सीट, तिथं मी. छबू माझ्या मांडीवर. तिकिटं म्हणजे जुन्या कॅलेंडरचे कागद, आणि पंच म्हणून आईचा दवाखान्यातून बाद झालेला चिमटा. बाबा तिकीट फाडायचे, चिमट्यानं टोचायचे आणि माझ्या हातात द्यायचे. छबू हात पुढं करायची. "तुला न्हाई," बाबा अगदी कामावरच्या आवाजात म्हणायचे, "मांडीवरच्याला तिकीट नसतं." ती दर वेळी हात पुढं करायची आणि ते दर वेळी तेच म्हणायचे. या गाडीचा एकच नियम होता. आवाज करायचा नाही, कारण आई झोपली आहे. बेलसुद्धा मुकी होती. बाबा दाराच्या चौकटीवर दोन बोटं टेकवायचे, टक टक, म्हणजे डबल बेल, आणि मिलिंद परात फिरवायचा. पोखर्णी आली. पोखर्णीला एक उतारू. दैठणा आलं. मग गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, पूल. पुलावर बोलायचं नाही, खाली पाणी आहे, बोललं की पूल हलतो. पुलानंतर गंगाखेड, तिथं दहा मिनिटं थांबा, म्हणजे शेंगदाणे आणि गुळाचा खडा. म्हणून आम्ही पुलावर मरेस्तोवर गप्प बसायचो. बाबांच्या लक्षात आलं तसा तो पूल रोज लांबत गेला. खऱ्या गाडीला पूल ओलांडायला दोन मिनिटं लागत असतील. आमच्या गाडीला पाऊण तास लागायचा. "अजून पूल?" मिलिंद ओठांनीच विचारायचा. "अजून पूल," बाबा बोट वर करून सांगायचे. पडद्यापलीकडे आई पाठमोरी पडलेली असायची.

भाजी मिळेनाशी झाली. बाजार दोन-दोन दिवस उघडत नव्हता. घरात जोंधळे होते, येसराचा मसाला होता, लसूण होता. मग येसराची आमटी आणि भाकरी, दुसऱ्या दिवशी भाकरी आणि येसराची आमटी. बाबांना भाकरी थापता येत नसे, पण सुशीला जमायचा. मुरमुरे भिजवून, पिळून, हिरवी मिरची आणि दाण्याचा कूट घालून ते तो परतायचे आणि सगळ्या घरात फोडणीचा खकाणा उठवायचे. आई ठसकत उठायची. "झोपा सिस्टर, झोपा," बाबा म्हणायचे. "कशी झोपू? मिरच्या डोळ्यात घातल्या की माझ्या." यापेक्षा मोठं भांडण त्या दिवसांत मी ऐकलं नाही. भांडायला अंगात जोर लागतो. दोघंही वाक्य अर्ध्यात सोडून द्यायची. आई भाकरी थापता थापता थांबायची आणि हात पिठात तसाच ठेवून परातीकडे बघत बसायची. मग बाबा म्हणायचे, "तवा जळायलाय," आणि ती पुढं थापायला लागायची.

मधे जगभर शाळा बंद पडल्या त्या वर्षी माझी मुलगी पुण्याहून फोन करून रडायची. "आई, दोन पोरं घरात, ह्यांच्या मीटिंगा, मला वेड लागेल." मी म्हणायचे, लागत नाही. ती चिडायची. तिला वाटायचं मला काही कळत नाही. मी तिला ही गोष्ट सांगितली नाही, कारण अशा वेळी दुसऱ्याची गोष्ट ऐकायला कुणाला उसंत असते? आता लिहितेय तेव्हा वाचील.

रोज संध्याकाळी आई कामावर निघायची तेव्हा दारात एक प्रकार व्हायचा. वॉर्डात पाळी बदलताना एक नर्स दुसरीला सगळ्या खाटा दाखवून माणसं मोजून देते, त्याला चार्ज देणं म्हणतात. आई पांढरी साडी नेसून, केसांना पाणी लावून उभी राहायची आणि म्हणायची, "चार्ज घ्या." बाबा म्हणायचे, "घेतला." "किती?" "तीन." तेवढ्यावर ती जात नसे. आधी छबूच्या टाळूवर हात, मग मिलिंद, मग मी. एकदा मी विचारलं की मी मोठी आहे तर माझ्यापासून का नाही मोजत. ती म्हणाली, "पाळणा आधी मोजायचा असतो. मोठं माणूस ओरडून सांगतं मी राहिले म्हणून. पाळण्यातलं कोण सांगणार?" बाबा हसत म्हणाले, "आमच्यात उलटं हाय. पाळण्यातलं मोजतच न्हाईत." तेव्हा ही गंमत होती. बाहेर जाळपोळीच्या बातम्या, सोनपेठकडच्या नातेवाइकांचा पत्ता नाही, बायको रात्री एकटी चालत दवाखान्यात जातेय, अशा वेळी माणसं गंमत करतात.

एका सकाळी आई आलीच नाही. बदलीची नर्स खेड्यातून येणारी होती, गाड्या बंद, ती पोहोचली नसेल, म्हणून हिला थांबवून घेतलं असेल, असं बाबांनी आम्हाला सांगितलं. नऊ वाजता सांगितलं, अकराला सांगितलं, बाराला सांगितलं तेव्हा ते आमच्याकडे बघत नव्हते. गाडी त्या दिवशी निघाली नाही. जेवणं झाली, छबूला मी झोळीत घातलं आणि झोका देऊन झोपवलं. तीनच्या सुमाराला गल्लीतून कुणीतरी पत्रा बडवत पळत गेलं. "मोठ्या रस्त्यानं माणसं यायलीत! पोरं हलवा! पोरं हलवा!"

समोरचा मोठा दरवाजा उघडला आणि रशीदाखाला ओरडल्या, "बच्चों को इधर लाव! सब को लाव जल्दी!" आमच्या बाजूची दारं धडाधड उघडली. मला बाबांकडे बघितल्याचं स्पष्ट आठवतं. सकाळपासून वाकलेला माणूस एकदम ताठ झाला. त्यांना काम मिळालं होतं. "चला, पुढं सरका. चपला नकोत. सुमे, पुढं. ढकलाढकली न्हाई." ते दारात आडवे उभे राहिले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, एक. मिलिंदच्या डोक्यावर, दोन. मग मान वळवून खोलीत एक नजर टाकली, पेटी रिकामी, पोतं रिकामं, गाडीत कुणी राहिलं नाही. दार ओढलं, कडी, कुलूप, किल्ली खिशात. चौकटीवर दोन बोटं टेकवली, टक टक, आणि आम्ही गल्ली ओलांडली.

बाबांना दोष देणं सोपं आहे आणि पुढं नातेवाइकांनी तो पुष्कळ दिला. पण मी दहा वर्षांची होते आणि दिवसाचे आठ तास छबू माझ्या कडेवर असायची. ती आता तिथं नाही हे माझ्या कमरेला तरी कळायला हवं होतं. मला वाटलं तिला बाबांनी घेतलंय. यापेक्षा जास्त मला काही सांगता येत नाही.

खालांच्या अंगणात गल्लीतली सगळी पोरं भिंतीला पाठ लावून बसली होती. दरवाजाला आतून आडणा, म्हणजे आडवा लाकडी दांडा, घातला. खाला बशीत चहा ओतून वाटत होत्या, काळा, गुळाचा. माझ्यापाशी आल्या, मिलिंदला बशी दिली, मला दिली आणि म्हणाल्या, "और छोटी कां है? उसकू दूध देती मैं."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्या कडेवर पाहिलं. मग त्यांनी आपल्या खांद्यावर हात लावून बघितलं, जणू ती तिथं असेल. तो हात मी विसरलेले नाही. दरवाजाशी उभे असलेले गादीवाले म्हणाले, "भाई, अभी नको. आवाज आरी उधर से." बाबा म्हणाले, "माझं लेकरू आत हाय," आणि त्यांनी आडणा स्वतः उचलला. तो दोघांनी उचलायचा आडणा होता.

ते बाहेर गेले तसा दरवाजा परत लोटला गेला, पण फटीला माझा डोळा होता. गल्ली अरुंद आणि रिकामी होती, समोरचं बोलणं सगळं ऐकू येत होतं. आमच्या दारासमोर चिखलात पांढरी साडी दिसली. आई पायरीवर जवळजवळ आडवी झाली होती, गाल फरशीला लावून, आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत दाराखालच्या फटीत गेला होता. मोठा रस्ता माणसांनी भरला म्हणून ती नाल्याच्या बाजूनं फिरून आली होती. आली तर आमच्या सगळ्या घरांना कुलपं, माणूस दिसत नाही, आणि आपल्या दाराच्या आतून छबूचा आवाज. बाकीचे दोघं आणि नवरा कुठं आहेत हे तिला माहीत नव्हतं. जिवंत आहेत का हेही माहीत नव्हतं. आणि ती अगदी हळू, कामावरच्या आवाजात बोलत होती.

"पूल आलाय, छबे. पुलावर कुणी रडतं का? खाली बघ, गंगा. गप. अजून पूल. अजून पूल."

आतून एक हुंदका आला आणि थांबला.

बाबा तिच्या मागं जाऊन उभे राहिले. तिनं मान वळवली नाही, पायांवरून ओळखलं असेल. "दोघं?" तिनं विचारलं. "समोर हायेत, खालाकडं." "बरं. कुलूप तुमी काढा. माझी बोटं सोडंना ती." किल्ली कुलपात जाईना. ती बाबांच्या हातून दोनदा चिखलात पडली. आई म्हणाली, "सावकाश. घाई नका करू. दारामागंच हाय ती, दार सावकाश लोटा." बाळंतिणीला सांगतात तसं तिनं त्यांना सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी कुलूप निघालं.

मी लोटलेल्या दरवाजाच्या फटीतून निसटून गल्ली ओलांडली, मिलिंद माझ्या मागं. आईनं छबूला मांडीवर घेऊन आधी डोकं दाबून पाहिलं, मग कोपरं, मग गुडघे. झोळीतून पडून एक गुडघा सोलला होता, बाकी काही नाही. छबूनं तिची बोटं तेव्हाही धरलेलीच होती. मग आईनं बाबांकडे पाहिलं.

"किती?"

बाबा किल्लीवरचा चिखल पुसत राहिले.

"किती म्हणलं मी."

"तीन."

"मोजा."

त्यांनी मोजलं. छबूच्या टाळूवर हात, मग मिलिंद, मग मी. प्रत्येकाच्या डोक्यावर हात जरा जास्त वेळ राहिला. आई म्हणाली, "आता मला झोपू द्या," आणि ओल्या साडीतच फरशीवर आडवी झाली. बत्तीस तास ती जागी होती, हे तिनं नंतर कधीतरी सहज बोलताना सांगितलं.

त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी आलं नाही. आवाज आला आणि दुसरीकडे गेला. जिथं गेला तिथली माणसं आईनं पुढं वॉर्डांमधून पाहिली. ती त्याबद्दल घरी बोलली नाही आणि मी पाहिलं नाही, म्हणून इथं लिहीत नाही.

संध्याकाळी ती उठली तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. मी विचारलं, "आई, तुला पुलाचं कसं ठाऊक? तू तर झोपलेली असायचीस." ती केसांचा अंबाडा घालत होती. "तुमच्या गाडीत कोण झोपतंय गं? सोनपेठ येईस्तोवर डोळा लागायचा न्हाई, आन् सोनपेठ आलं की ही छबी मला उठवायला यायची." मी हिशेब केला. म्हणजे ती सगळे दिवस जागीच होती. आम्ही तिच्यासाठी गप्प बसायचो आणि ती आमच्यासाठी पाठमोरी पडून राहायची, म्हणजे बाबांचा पूल मोडू नये. मला त्या वयात याचं रडू आलं नाही, रागच आला. एवढे शेंगदाणे आणि एवढं गप्प बसणं फुकट गेलं असं वाटलं.

पुढं शाळा उघडली. गाड्याही सुरू झाल्या, आधी गंगाखेडपर्यंत, मग सोनपेठपर्यंत. नामांतर व्हायला अजून पुष्कळ वर्षं लागली आणि मधे आमच्या शाळा आणखीही बंद झाल्या, पण तोवर मी मोठी झाले होते आणि धाकट्यांना मीच सांभाळायचे. त्या दुपारबद्दल आईनं बाबांना एकदाही टोमणा मारला नाही. रात्रपाळीला निघताना "चार्ज घ्या" मात्र ती छबू सातवीत जाईपर्यंत म्हणत राहिली.

कॉलेजात असताना एकदा मी मावशीकडे सोनपेठला बाबांच्याच गाडीनं गेले. मागच्या सीटवर बसले होते. परभणीच्या स्टँडवर गाडी भरली, बाबा पुढून मागं येत तिकिटं फाडत होते, मग परत पुढं जाताना माणसं मोजत होते. एका बाईच्या मांडीवर पदराखाली तान्हं होतं. बाबांनी वाकून त्याच्या टाळूला बोट टेकवलं आणि ओठांनी आकडा म्हटला. शेजारचा म्हातारा, बहुतेक तिचा सासरा, तटकन म्हणाला, "ओ मास्तर, त्याला कशाला मोजायलाव? मांडीवरच्याला तिकीट न्हाई."

"तिकीट कुठं मागायलोय बाबा," बाबा म्हणाले. "हाय का बघायलोय."

म्हातारा सुनेकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवून हसला. बाबा दाराशी गेले, दार ओढून घेतलं, आत एकदा शेवटपर्यंत नजर टाकली आणि दोरी दोनदा ओढली.